दुपारची घूं

९ ऑक्टोबर २००५, रविवार. संध्याकाळ.

यंत्र गेलं. घर मोकळं झालं.

आज चर्चच्या सुगीच्या सणाचा लिलाव होता. बायकांनी भोपळे, कोंबडे, केळीचे घड आणले होते. मी शर्लिनचं गेमचं यंत्र टॉवेलात गुंडाळून नेलं. लिलाववाल्याने विचारलं, मटिल्डाबाई, हे काय आणलंत. त्याच्याच माइकवर सांगितलं, ह्यात सैतान बोलतो, माझ्या नातीने मला दोन वर्षं ऐकवला, ज्याची छाती असेल त्याने न्यावा. सगळं पटांगण हसलं. बोली कोणी लावेना. शेवटी निकोलस मास्तरने हात वर केला. शाळेतून रिटायर झाल्यापासून त्याला कुठेतरी हात वर करायचाच असतो.

खरं काय ते लिहून ठेवते. माझा मुलगा फ्रेडरिक बोटीवर आहे, त्याने हे सिंगापूरहून आणलं. टीव्हीला जोडायचं आणि राक्षसांना गोळ्या घालायच्या. गोळ्यांचं मला काही नाही. मागे जो आवाज चालतो तो वाईट. गाणं म्हणावं तर चाल नाही. घूंऽऽ करून रिकाम्या विहिरीत वारा शिरल्यासारखं. मग लोखंडी दार कोणीतरी हळू ओढल्यासारखं. मग फार लांब एक लेकरू रडतं आणि त्याला कोणी उचलून घेत नाही. रोज दुपारी दोन ते चार, माझ्या चटईपासून चार हातांवर.

शर्लिन ऑगस्टमध्ये मिरजेला नर्सिंग शिकायला गेली. तेव्हापासून यंत्र बंद. आणि तेव्हापासूनच माझी दुपारची झोप गेली. म्हणजे कारण उघड आहे. चालू असताना निदान कळायचं काय करतंय. बंद असलं की गुपचूप करतं. पहाटे तीनला उठून धक्क्यावर मासळी घ्यायला जाणाऱ्या बाईला दुपारची झोप लागतेच.

उद्यापासून दोन ते चार झोप. रोज दोन ओळी लिहिणार. वही शर्लिनची जुनी आहे, डावीकडच्या पानांवर पोट फाडलेले बेडूक आहेत. उजवीकडे मी.

१० ऑक्टोबर, सोमवार. २.४०

झोप नाही. पंखा कुरकुरतो.

३.१०

पंखा बंद केला. आता घाम.

३.३०

शेजारची कमळी दारात येऊन विचारते, मटिल्डाबाय, तुमचं घर येवढं गप्प कसं, कोन आजारी हाय का. मी सांगितलं, घर गप्प नाही, घर स्वच्छ आहे. (तिचं बोलणं तिच्यासारखं लिहिलं. मी ण लिहिते. चौथीपर्यंत शिकले आणि त्यातलं वर्षभर ह्या एका अक्षरासाठी मार खाल्ला. वाया कशाला घालवू.)

१३ ऑक्टोबर, गुरुवार

बाजारात बसल्या बसल्या डोळा लागला. मांजराने तीन बोंबील नेले. समोर गिऱ्हाईक उभं होतं, ते बघत राहिलं. म्हणे आजी, तुम्ही झोपला होता, उठवावंसं वाटलं नाही. त्याला म्हटलं, मग मांजराकडूनच घे.

येताना रेशनवर गेले. आमचं कार्ड दाखवलं, शर्लिनचंही दाखवलं. जाताना पोरीने माझ्या हातात एक राखाडी, बिस्किटाएवढं कार्ड दिलं होतं, आजी, हे जपून ठेव, हरवलं तर माझं सगळं जाईल म्हणाली. तेव्हापासून दर महिन्याला नेते. दुकानदार हातात घेतो, उलटंपालटं करतो, परत देतो. तिच्या वाटणीची साखर देत नाही. आज त्याला चांगलं ऐकवलं. पुढच्या महिन्यात बघते म्हणाले. तो म्हणाला, बघा.

१६ ऑक्टोबर, रविवार

मिरजेचा फोन. शर्लिन दर रविवारी करते. अभ्यास, जेवण, ढेकूण झाल्यावर म्हणाली, आजी, माझ्या गेमवर धूळ नको बसू देऊ. मी म्हटलं, धूळ आता मास्तरच्या घरी बसेल, लिलावात दिलं. ती बरं म्हणाली आणि फोन ठेवला. लिली, माझी सून, बालवाडी शिकवते म्हणून घरातही बालवाडीसारखं बोलते. म्हणाली, आई, तिला विचारायला हवं होतं ना. मी म्हटलं, घर कोणाचं. तर म्हणे, यंत्र कोणाचं.

झोप नाही. कारण लिली.

१९ ऑक्टोबर, बुधवार

मला त्या आवाजाचं काही नाही. पण शास्त्रीय दृष्टीने बघायचं झालं तर कानाला एक सवय असते. ती हळूहळू काढावी लागते, दारूसारखी. म्हणून मिक्सर रिकामा लावून चटईवर पडले. घूं बरोबर होती. लेकरू नव्हतं. दहा मिनिटांनी जळका वास आला. लिलीला सांगितलं, मिक्सर जुनाच होता. ती म्हणाली, आई, तो ईस्टरला घेतलाय.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे ठेवून बघितला. घूं आली. मग त्यातून कोणीतरी गुजराती बातम्या द्यायला लागलं.

मग पाण्याच्या रिकाम्या पिंपात डोकं घालून स्वतः आवाज काढून बघितला. हा सगळ्यात जवळचा. तेवढ्यात कमळी पानी भरलं का विचारायला आली. डोकं पिंपातच होतं. पिंप घासतेय म्हणाले. ती म्हणे, रडता कशाला मग.

उद्यापासून दाराला कडी.

३० ऑक्टोबर, रविवार

मिरजेचा फोन नाही. मागच्या रविवारीही नव्हता. फोनवाल्यांचा काहीतरी घोळ असणार. लिलीने रिसीव्हर उचलून माझ्या कानाला लावला, चांगला वाजत होता. म्हटलं, इथून चांगला आहे, मिरजेकडून बिघडला असेल. ती म्हणाली, मिरजेकडून बिघडलाय खरा.

कमळी सांगत होती, लोडशेडिंगचं टाइमटेबल बदलणार, पुढच्या सोमवारपासून दुपारी. मला काय त्याचं. पंख्याची कुरकूर तरी थांबेल.

२ नोव्हेंबर, बुधवार

मृतांचा दिवस. कबरस्तानात आमच्या माणसाच्या कबरीवर मेणबत्ती लावली. त्याला सांगितलं, तुला बरं आहे, पडल्या जागी झोप लागते.

निकोलस मास्तर त्याच्या बायकोच्या कबरीशी उभा होता. मला बघून तिथूनच सुरू झाला. मटिल्डाबाई, फसवलंत मला. मी ते सीडीचं मशीन समजून घेतलं. भाचीच्या लग्नाची सीडी घातली तर टीव्ही काळा. तुमच्या सैतानाला लग्न चालत नाही. मी म्हटलं, मास्तर, माइकवर स्पष्ट सांगितलं होतं, तुमचे कान गेले असतील. म्हणाला, आता त्याचं काय करू. मी म्हटलं, परवा दुपारी येऊन बघते.

मला नको आहे. पण एकटा म्हातारा माणूस. सैतान त्याच्या घरात ठेवणं बरं नाही.

४ नोव्हेंबर, शुक्रवार

दोन वाजता गेले. मास्तरने यंत्र लावलं आणि स्वतः खेळायला बसला. शाळेत कवायत घ्यायचा, पण ह्याच्या माणसाला सरळ चालता येत नाही. दर मिनिटाला मरतो. घूं जरा सुरू झाली की धाडधाड गोळ्या, मग हा मेला, मग भलतेच ढोल वाजतात. लेकरापर्यंत पोचतच नाही. मी दोनदा डोळे मिटून तपासलं. दोनदा मेला.

शर्लिनच्या वेळी दुपारी गोळ्या ऐकल्याचं आठवत नाही. गोळ्या जेवणाआधी असायच्या. नंतर नाही. का ते कधी विचारलं नाही. माझा काय संबंध.

मास्तरला म्हटलं, हे मी परत नेते, तुमच्या भल्यासाठी. मास्तर तो मास्तरच. म्हणाला, न्या, पण रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या फाटकात, लिलावात होत्या त्याच बायकांसमोर सांगा, ह्यात सैतान नाही, मटिल्डा चुकली. मला लोक सैतानवाला मास्तर म्हणायला लागलेत.

चुकली असं मी जन्मात म्हटलेलं नाही. आमच्या माणसालाही नाही. म्हणणार नाही. विषय संपला. यंत्र त्याच्याकडेच सडो.

६ नोव्हेंबर, रविवार. दुपार.

म्हटलं.

तसं नाही म्हटलं. फाटकात उभी राहून म्हणाले, यंत्रात सैतान नाही, चुकून माझ्या तोंडात होता. बायका छत्र्या टेकून हसल्या. एक म्हणाली, मटिल्डाबाई, सैतानाशिवाय करमत नाही वाटतं. तिचं तोंड लक्षात ठेवलंय, उद्या बाजारात येईलच. मास्तरने यंत्र दिलं आणि वर पिशवीभर सुके बोंबील घेतले. टॉवेल परत दिला नाही.

संध्याकाळ

लिलीने जोडलं. लिली खेळली. लिली मेली. मास्तरपेक्षा लवकर. मग बालवाडीच्या आवाजात म्हणाली, आई, शर्लिनलाच विचारावं लागेल, फोन तुम्ही करा. मी म्हटलं, मी का करू, तिने बंद केलेत. लिलीने नंबर लावून रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि आत निघून गेली. कपटी आहे.

शर्लिन आली फोनवर. मी म्हटलं, यंत्र आणलंय, आवाज येत नाही, तुझी वस्तू तुझ्यासारखीच अडून बसलीय. ती म्हणाली, आजी, कार्ड कुठाय. मी म्हटलं, रेशनच्या डब्यात. कशाला, तो तुझी साखर देत नाही. तिकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग ती हसत होती की काय, मला नीट कळलं नाही. ते कार्ड यंत्राचं आहे. तिने जिथपर्यंत खेळलं ते त्यात राहतं. तीन महिने मी राक्षस घेऊन रेशनच्या रांगेत उभी होते आणि दुकानदाराने एका शब्दाने सांगितलं नाही.

मग म्हणाली, कार्ड लाव, खेळ सुरू झाला की काही दाबू नकोस. माणूस एका खोलीत भिंतीकडे तोंड करून उभा असेल, त्याला तसाच राहू दे. मी विचारलं, उभा का. म्हणाली, आजी, तू जेवून चटईवर पडायचीस. मी त्या खोलीतले सगळे राक्षस आधी मारून ठेवायचे आणि त्याला भिंतीकडे वळवून बसायचे. पुढचं दार उघडलं की आवाज बदलतो, तू दचकून उठायचीस. म्हणून उघडलंच नाही. मी विचारलं, किती दिवस. म्हणाली, दोन वर्षं. पुढे काय आहे मला अजून माहीत नाही.

दोन वर्षं. एवढी शिकलेली पोरगी, हातात बंदूक, आणि एका दाराशी दोन वर्षं भिंत बघत बसली. कोणी सांगितलं होतं. मी सांगितलं होतं का. तिला चांगलं फैलावर घेतलं. वर स्पष्ट केलं की मी झोपायचेच नाही, डोळे मिटून पडलेली असायचे. ती म्हणाली, घोरायचीस. मी म्हटलं, रात्रीचं जेवण जेव आणि अभ्यास कर. दर रविवारी फोन कर. ढेकणांचं औषध पाठवते.

७ नोव्हेंबर, सोमवार. १.५५

कार्ड लावलं. माणूस आहे. भिंतीकडे तोंड करून, ठेवला तसाच. घूं सुरू. दार ओढलं. चटई टाकली. लिलीला ताकीद दिली, कमळीला ताकीद दिली, कोंबड्या डालल्या. चार वाजेपर्यंत झोपणार. लेकरू आता येईल.

२.००

लाईट गेली. टाइमटेबल. दोन ते पाच, रोज, पुढचं कळेपर्यंत.

फाटकात बोलले ते कशासाठी. बोंबील गेले ते कशासाठी. टॉवेलही गेला. सगळ्यांना एकदा

५.२०

लाईट आली. मी सगळा वेळ जागीच होते. रागाने डोळे मिटून पडले होते, एवढंच.

लिली म्हणते, सव्वादोनला सुरू झालात ते पाचपर्यंत. घोरणं नव्हतं म्हणे. आधी घूंऽऽ, मग दार ओढल्यासारखं, मग लांब कुठेतरी लेकरू. तिला भीती वाटली, म्हणून तिने मिरजेला फोन लावला आणि रिसीव्हर माझ्या तोंडाशी धरला. शर्लिनने म्हणे पुष्कळ वेळ ऐकलं. मग हळू आवाजात आईला म्हणाली, दार उघडू नकोस.

हॉस्टेलचा फोन जिन्याखाली भिंतीवर आहे. मागे मुलींची रांग लागलेली म्हणे, आणि ही भिंतीकडे तोंड करून उभी.

मी झोपले नव्हते.