खांबाच्या आतले हात

दादा,

गावच्या चौकाला तुमचं नाव द्यायचं घाटतंय. आनंद झाला असेल तर आवरा, कारण मधे मी, तुमची लेक, आहे. तुम्ही हयात असतात तर एवढं ऐकूनच खुर्ची मागे ढकलून उठला असतात आणि ओट्यावर जाऊन कुणाला तरी हाक मारली असतीत, म्हणजे माझं बोलणं तिथेच संपलं असतं. आता उठायची सोय नाही. तुम्ही जाऊन वीसेक वर्षं झाली, आणि या सगळ्या वर्षांत तुमच्याशी मला जे बोलायचं होतं ते आज एका दमात बोलणार आहे.

मी अकरावीत असतानाची ती ग्रामसभा तुम्हाला आठवते का? तुम्हाला कशाला आठवेल, तुमच्यासाठी ती जिंकलेली सभा होती. देवळाच्या मंडपात सतरंजी घातलेली, तुम्ही गाभाऱ्याकडे पाठ करून बसलेले, पांढरा सदरा, खिशाला पेन. पुरुष आत आणि बायका बाहेर पायऱ्यांवर. मासळीच्या टोपल्या घेऊन देवळात कसं यायचं, असं त्याचं कारण सांगायचे. पण टोपली घरी ठेवून आलेली बाईसुद्धा पायरीवरच बसायची. आणि मत घ्यायची वेळ आली की मोजायचे ते खांबाच्या आतले हात. असा काही नियम कुठे लिहिलेला नव्हता. आधीच्या सरपंचांनी तसं केलं, त्यांच्या आधीच्यांनी केलं, म्हणून तुम्हीही करत होता. त्या दिवशीपर्यंत त्यामुळे कुणाचं अडलंही नव्हतं, कारण सभेला बायका यायच्या त्या एखाद-दोनच.

त्या दिवशी मात्र सगळ्या आल्या. खाडीकाठचं खळं, जिथे सगळ्या गावच्या बायका जवळा आणि बोंबील वाळत घालायच्या, ते रस्त्याला आणि गोदामांना द्यायला गावाची हरकत नाही, असा ठराव तुम्ही मांडणार होता. बदल्यात गावाला सिमेंटची कमान मिळणार होती. वर सिंह. पायऱ्या बायकांनी भरून गेल्या होत्या, मी आईच्या मागे उभी होते. तुम्ही म्हणालात, ठरावाच्या बाजूचे हात वर करा. आत थोडे वर झाले. मग म्हणालात, विरोधात. आत त्याहून थोडे कमी वर झाले, आणि बाहेर पायऱ्यांवर सगळेच्या सगळे. तुम्ही मोजायला लागलात. बोट एकेका डोक्यावरून फिरत आलं, शेवटच्या खांबापाशी आलं आणि थांबलं. मी बघत होते, दादा. तुम्ही पायऱ्यांकडे पाहिलंत. तुम्हाला दिसलं नाही असं नव्हतं. मग तुम्ही बोट खाली घेतलंत आणि म्हणालात, ठराव मंजूर.

आई उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत तिचा आवाज मी ऐकला. "ओ सरपंच, आमचे पन मोजा." तिने तुम्हाला सरपंच म्हटलं, नवरा म्हणून हाक मारली नाही, तेवढी समज तिला होती. आणि तुम्ही काय म्हणालात? "खाली बस. घरचं घरी बोल." आत हशा पिकला. गावाच्या जमिनीबद्दल बोलायला उठलेल्या बाईला तुम्ही एका वाक्यात घरी पाठवलंत. आई बसली नाही. हात वर तसाच धरून उभी राहिली, सतरंजी गुंडाळली जाईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही जेवायला बसता. मी पाण्याचा तांब्या ठेवते. आई पानात नुसता भात वाढते आणि चुलीकडे तोंड करून बसते. "कालवन?" तुम्ही विचारता. "कालवन खळ्यावर वाळत घातलंय," आई म्हणते, "घिवून या जा." तुम्ही चिडला असतात तर मी आज कदाचित थोडी मऊ पडले असते. तुम्ही माझ्याकडे बघून डोळा मारता आणि म्हणता, "तुझी आय लय शानी झाली." मला तुम्ही तुमच्या बाजूला ओढत होता, तेही तिच्यादेखत. तो राग माझ्या अंगातून अजून गेलेला नाही आणि जावा असं मला वाटतही नाही.

कमानीच्या उद्‌घाटनाला नेसायला तुम्ही तिला रेशमी लुगडं आणलंत. तिने ते नेसलं नाही. त्याचं फडकं केलं आणि सुकटीचा डबा त्यात बांधून फळीवर ठेवून दिला. घरभर वास. तुम्ही पाहुण्यांसमोर तोंड दाबून बसायचात, मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटायच्या. पण त्याने तिचं पोट भरलं नाही. खळं गेलं तशी ती तळोज्याच्या बाजूच्या कारखान्यात कोळंबी सोलायला जायला लागली, बर्फात हात घालून, दिवसभर उभ्याने. शेवटी शेवटी तिला सुईत दोरा ओवता यायचा नाही. खळ्यावर ती मालकीण होती. कारखान्यात ती कुणीच नव्हती. आणि तुमची पंचायत तरी कुठे राहिली? गाव शहरात गेलं, तुमची खुर्ची गेली, पंचायतीची पाटी भंगारात निघाली. कमान तर रस्ता रुंद करताना पाडली. तेव्हा तुम्ही दोन दिवस जेवला नव्हतात. आई पोटभर जेवली होती.

आता मला हे सगळं का सुचलं ते सांगते. मागच्या उन्हाळ्यात मी माझ्या लेकीकडे, म्हणजे तुमच्या नातीकडे, जर्मनीत राहून आले. तुम्ही गेलात तेव्हा ती शाळेत होती. आता ती शहरात शिकवते आणि भाडं परवडतं म्हणून एका लहानशा गावात राहते. एक चर्च, एक बंद पडलेली पाणचक्की, आगीच्या बंबाची खोली, बाकी शेतं. त्या गावाची पंचायतही आपल्यासारखीच शेजारच्या शहरात विरघळली. पण त्यांनी एक लहानशी गावसमिती हट्टाने राखली आहे. रस्त्याला नाव काय द्यायचं, स्मशानाची भिंत कधी बांधायची, तिथे ठरवतात. बंबाच्या खोलीच्या वर बैठक भरते. सुरुवातीला कुणीही उठून प्रश्न विचारायचा, अगदी माझ्यासारख्या पाहुणीनेही. गावप्रमुख बाई माझ्याच वयाची, कोंबड्या पाळणारी. ती सांगत होती आणि लेक मला मराठीत सांगत होती: पूर्वी या गावात ज्याच्याकडे पुरती शेती आणि घोडे, त्यालाच मत. झोपडीवाले दारात उभे राहून ऐकायचे. मी लेकीला म्हटलं, हिला सांग, आमच्याकडे दार नव्हतं, खांब होते.

त्या खोलीत आजवरच्या गावप्रमुखांचे फोटो ओळीने लावलेत. एका फोटोखाली मात्र छापील कागद आहे. हुकूमशाहीच्या काळातला प्रमुख तो. त्याने गावातल्या कोणत्या घरांची नावं वर कळवली आणि त्या माणसांचं पुढे काय झालं, ते त्यावर साध्या शब्दांत लिहिलंय. फोटो काढून टाकला नाही आणि हारही घातला नाही. बाई म्हणाली, तो माझा आजोबा. कागद मीच लिहिला. मी विचारलं, घरच्यांनी ऐकून घेतलं? ती म्हणाली, आई माझ्याशी बोलायची बंद झाली. पण गावाचं मत घेतलं आणि कागद लागला. दादा, त्या क्षणी तुम्ही माझ्या हातात सापडलात. तुमचा गुन्हा त्याच्या पासंगालाही पुरणार नाही, हे मला कळतं. पण कागद तुमच्याखालीही लावता येतो, हे मला तिथे कळलं.

आणि परत येते तो भाच्याचा, चुलतभावाच्या मुलाचा, फोन. तो आता गावच्या मंडळाचा अध्यक्ष आहे. "आत्या, गूड न्यूज हाय! आजोबांचं नाव चौकाला लागतंय. वॉर्ड ऑफिसला फॅमिलीची एनओसी पायजे. तू एकटीच वारस ना, फक्त सही मार." मी म्हटलं, मारते, पण पाटीवर नावाखाली एक ओळ हवी: यांनी ग्रामसभेत बायकांचे हात मोजले नाहीत. तो म्हणाला, "आत्या, टेन्शन नको देऊस. मीटिंग लावतो."

रविवारी सकाळी समाजमंदिरात मीटिंग भरली. बायका आत, खुर्च्यांवर, पुढच्या रांगेत. मला वाटलं, काम झालं. ज्यांचे हात तुम्ही टाकून दिलेत त्यांच्या सुना आणि लेकी इथे बसल्या आहेत, आज तुमची खैर नाही. आईबरोबर पायरीवर बसणारी काकी तेवढी अजून आहे. तिला मी मुद्दाम रिक्षाने आणली होती. ती काठी टेकून उठली. "मोजले नाय ते खरं हाय. मी हात धरून व्हते, खांदा दुखंपर्यंत." मी सगळ्यांकडे बघत होते. मग ती म्हणाली, "पन आता बोर्डावर लिवून खळं परत येनार हाय काय? मेलेल्या मानसाचं नाव नको खराब करूस, पोरी." खाली बसली. भाच्याने मत घेतलं. दोनदा मोजलं, बायकांचे, म्हाताऱ्यांचे, दारात उभ्या असलेल्यांचेही. ओळीच्या बाजूने माझा हात, आणखी दोन-तीन पोरींचे. बाकी सगळं गाव तुमच्या बाजूने.

भाच्याने कागद माझ्यापुढे सरकवला. "आत्या, सही." मी कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली. "नाही करणार." "अगं पन मतदान झालं ना! सगल्यांचे हात मोजले." "मोजलेस," मी म्हटलं, "छान मोजलेस." आणि उठले. माझ्या सहीवाचून तुमचं नाव लागत नाही, आणि सही मी करणार नाही. आज नाही, उद्या नाही, माझ्यामागे लेकीलाही तसं सांगून ठेवलंय. सगळं गाव एका बाजूला आणि मी एकटी, आणि तरी माझंच चालणार.

काकीला रिक्षात बसवताना तिने माझं मनगट धरलं. "आयशीवर गेलीस असं वाटलं व्हतं," ती म्हणाली, "तू त बापाची पोर."

हे पत्र पाठवायचं कुठे, हा प्रश्नच नाही. लिहून झालं की फाडून टाकणार आहे, कारण ते कुणाच्या हाती पडलं तर एक गोष्ट कळेल जी मी काकीलाही कळू दिली नाही. तिचं ते वाक्य ऐकून मला लाज वाटायला हवी होती. मला बरं वाटलं, दादा.