समोशाचं तेलकट बोट

सोमवार, संध्याकाळ

किळस जात नाही. आज आमचं ॲप कर्मचाऱ्यांच्या क्लाउडवरच्या खऱ्या माहितीला जोडलं, म्हणून साहेबांनी समोसे आणले. समोसा खाल्लेल्या तेलकट बोटाने माझ्या स्क्रीनवर नावं सरकवत ते आमच्याच ऑफिसातल्या रेखाताईच्या रजेवर थांबले. कारण: गर्भपात. "अच्छा, इसलिए मुँह लटका था!" सगळे हसले. ती मागेच उभी होती.

मी जोडणी तोडली.

"तोड़ क्यों दिया? कल दिखाना है!"

"रजेची कारणं झाकल्याशिवाय जोडणार नाही, सर." पण मीच ती आधी का नाही झाकली? दुसऱ्याची चिठ्ठी वाचू नये, हे आईने घरी अक्षरांआधी शिकवलं होतं.

निघताना रेखाताई आली. वाटलं, रागावेल. तिने माझ्या स्क्रीनकडे बघत रुमाल पुढे केला.

"ते तेल पूस पहिले. माह्या नावावरच लागलं."