सखुबाईचा आवाज आणि लाल दिवा

प्रिय कल्पिताताईस,

पत्राला उशीर झाला हे तू म्हणायच्या आत मीच म्हणून घेतो. दिवाळीलाच लिहिणार होतो, पण रेवदंड्याला एका होडीचं रंगकाम मिळालं, मग रंग संपला, मग होडीच गेली. (रंग ओला होता. ती गोष्ट वेगळी.) तुझ्या सासूबाईंचा गुडघा आता कसा आहे? त्यांना माझा नमस्कार सांग. मी बायजाआत्याकडे खाऊनपिऊन धडधाकट आहे. हातानं लिहितोय, कारण माझा फोन आत्याने तांदळाच्या डब्यात कोंडलाय. का, ते पुढे येईलच.

परवा आत्याच्या किशोरीची हळद. धवलारणीने लग्नाची गाणी, धवला, म्हटल्याशिवाय आपल्यात हळद लागत नाही, आणि यंदा धवलारीणच नाही. सखुबाईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. ती उरणला लेकीकडे आहे आणि डॉक्टरांनी धूर, गर्दी सगळं बंद केलंय. दुसरी कोणी आत्याला चालत नाही, कारण तिच्या स्वतःच्या हळदीलाही सखुबाईच गायली होती. आत्याचं जेवणावरचं लक्ष उडालं, तेव्हा मी छाती काढून म्हटलं, सखुबाई आहे की माझ्या लॅपटॉपमध्ये. (ओंकारच्या लग्नात तू रेकॉर्ड करून मला दिलेली.)

इथेच थांबलो असतो तर आज शहाणा ठरलो असतो. पण लॅपटॉपमध्ये मला इक्वलायझर सापडला. ओळीने दहा दांड्या: डावीकडे ढोलाचा घुमारा, मधे माणसाचा गळा, उजवीकडे बांगड्यांची किणकिण. जी वर ढकलाल ते मोठं होतं. असली वस्तू लग्नघरात उघडी ठेवू नये. आत्या म्हणाली शब्द कळत नाहीत, मधल्या दांड्या वर. तिचे यजमान, आपले दत्तात्रेय मामा, म्हणाले ढोल झोपलाय, डावीकडच्या वर. मांडववाल्या दिपेशला छनका कमी वाटला, उजवीकडच्याही वर. लग्नघरात कोणाचं मन मोडू नये. पण ताई, एकही माणूस असा निघाला नाही, जो म्हणाला, माझी दांडी जरा खाली घे. शेवटी एक लाल दिवा लागला. दिपेश म्हणाला, "लाल लागला म्हणजे जोर आला." मामांना तो इतका आवडला की मांडवाच्या दाराला तसलाच मिळेल का, अशी चौकशी त्यांनी केली.

जोर असा आला, की तापल्या तेलात ओले बोंबील सोडावेत तशी सखुबाई गाऊ लागली. मी फोनही लॅपटॉपच्याच ॲम्प्लिफायरला जोडून ठेवला होता, म्हणून ऐन ओळीत गॅसचा सिलिंडर नोंदवल्याचा निरोप गावभर ऐकू गेला. (फोन त्यासाठी तांदळात.) तरी आत्याने कौतुकाने आपला बटणांचा फोन स्पीकरपुढे धरून उरणला ऐकवलं. पलीकडून सखुबाई म्हणाली, "ही कोन बाय फुटक्या टोपान बोंबलते?" आणि फोन ठेवला. आत्या ओट्यावर बसून डोळे पुसायला लागली. मला बर्फ आणायचाय असं सांगून मी निघालो.

बर्फाच्या वाटेवर खाडीचा पूल लागतो. (बर्फ राहिला तो राहिलाच.) भरती होती. एका होडीचा झेंडा पुलाला लागेल म्हणून नाखवा काठीच आडवी करत होता. तिथेच डोक्यात उजेड पडला. आवाजावरही एक पूल असतो, तो काही वर सरकत नाही. सगळ्या दांड्या वर म्हणजे भरती, मग आवाजाचे शेंडे पुलाला लागून मोडतात, आणि तो मोडल्याचा दिवा लाल. शब्द ऐकायचे तर गळा चढवायला नको, ढोल उतरवावा. धावत घरी आलो, सगळ्या दांड्या खाली घेतल्या, बाजूला एकूण आवाजाची एक दांडी होती तीही उतरवली, आणि लागेल तेवढा मोठेपणा ॲम्प्लिफायरच्या बटणावर सोपवला. दिवा विझला तो विझलाच. मामा जरा हिरमुसले. बाकी इकडे आनंदीआनंद.

सर्वांना यथायोग्य नमस्कार.

तुझा भाऊ,
प्रीतम

ता. क. : दिवा विझला हे खरं, आवाज मात्र अजून फुटकाच आहे. दांड्या वर असताना मी ते सगळं मूळ फाईलवरच सेव्ह करून टाकलं होतं. मोडलेले शेंडे आता कुठलीच दांडी खाली करून परत येत नाहीत. तुझ्याकडचं मूळ रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घालून हे पत्र घेऊन येणाऱ्या हितेशच्याच हाती दे, तो मांडव्याच्या उद्याच्या पहिल्या बोटीने परततोय. आत्याच्या फोनवरून मागणार होतो, पण ती शेजारीच उभी राहते. तिला यातलं काही कळू देऊ नकोस.

ता. क. २ : पाकीट चिकटवत होतो तोच दारात रिक्षा. काळा चष्मा लावलेली सखुबाई! लेकीला न सांगता आलीये, आणि उतरल्या उतरल्या विचारते, फुटका टोप कुठाय. आत्या रडत-हसत तिला धरून आत नेतेय. मला वाटलं, सुटलो, पेनड्राइव्हची गरज संपली. पण म्हातारी लॅपटॉपपुढे बसून म्हणतेय, "माजी झेलकरीन गेली, माज्या मांगशी गानं धरनारी कोनी नाय. मी पुढशी म्हनीन, ही मांगशी झेलील. पन तिला सांग, माज्यावर आवाज नाय चढवाचा."

तेव्हा ताई, पेनड्राइव्ह पाठवच.