जिन्यावर आईनं काय मागितलं

सिनेकू,
ता. ३ फेब्रुवारी १९७४

चि. प्रॉस्पर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघी ठीक. आईचा गुडघा पावसात धरतो, तोंड मात्र बारा महिने चालू असतं.

आडवळणं घेत नाही. कॅसल ब्रूसच्या आल्बांनं मला लग्नाचं विचारलंय आणि मला हो म्हणायचंय. अडतीस वर्षांच्या बाईला विचारायला रांग लागत नाही. पण तो आपल्या कालिनागो जमातीतला नाही, आणि आपल्या मुलीनं बाहेरच्याशी लग्न केलं की तिनं वस्ती सोडायची, हे तुला ठाऊकच आहे. मी गेले की समुद्रात उतरणाऱ्या अजगराच्या जिन्याच्या माथ्यावरचा तुझा जमिनीचा तुकडा कोण कसणार? आपल्याकडे जमीन कसेल त्याची. तू पलीकडच्या बेटावर कामाला गेल्यापासून सहा वर्षं मी तिथे तुझ्या नावानं अळकुड्या लावतेय. पडीक दिसली की पंच ती इर्विनला देतील. सख्खा चुलतभाऊ असला तरी तो कुंपणाशी घुटमळतो, ते काही माझ्या ख्यालीखुशालीसाठी नाही.

ईस्टरपर्यंत ये. माझं कशात लक्ष लागत नाही. एकच टोपली दोनदा उसवून पुन्हा विणायला घेतली.

तुझ्या लोभाची वाट पाहणारी,
मेरिना

पॉइंत-आ-पीत्र,
ता. २० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आल्बां म्हणजे तोच ना, आपल्या लोकांनी कोरून दिलेल्या होडीत पहिल्याच दिवशी उलटं तोंड करून बसलेला? माणूस चांगला आहे. तुझी निवड मला पसंत आहे, कुणी विचारलं नाही तरी.

पण ताई, ईस्टर जमत नाही. इथल्या बांधकामाची छपरं पुरी झाल्याशिवाय मुकादम सोडायचा नाही, आणि जोझियानला सहावा महिना लागलाय. मूल झालं की तिघंही येतो. पुरुषानं बाहेरची बायको आणली तर आपल्यात चालतं, तेवढं बरं आहे. तोवर कळ काढ, एखादं वर्ष.

कोळी लुईबरोबर तंबाखू पाठवतोय. जिन्याच्या खालच्या दगडावर ठेव आणि माझं परतणं माग. समुद्रातून वर सरपटत येताना ज्या अजगराच्या अंगानं दगडात तो जिना उमटला, तो तंबाखू देणाऱ्याचं काम करतो म्हणतात. आईला मात्र खाली नेऊ नकोस, शेवाळ असतं.

लोभ कमी करू नये,
प्रॉस्पर

सिनेकू,
ता. २५ मार्च

चि. प्रॉस्पर यास,
आशीर्वाद.

तुझं ते ‘तेवढं बरं आहे’ मी तीनदा वाचलं. आधी राग आला, मग रडू आलं. एक वर्ष म्हणतोस. मागची सहाही एकेकच होती.

तंबाखू पोचली. आई ऐकेना. म्हणाली, मागणं माझं तर पाय दुसऱ्याचे कशाला. रविवारी निघालो. आल्बां न बोलावता मागून आला. समुद्र खवळलेला, खालच्या तीन पायऱ्या सारख्या पाण्यात जात होत्या. आई बसत बसत उतरली. कोरड्या राहिलेल्या शेवटच्या पायरीवर तिनं पुडी सोडली आणि पुटपुटत राहिली. मी लाटा मोजत होते, जीव टांगणीला लागला होता. एक मोठी लाट आली आणि आई कंबरेपर्यंत भिजली. आल्बांनं तिला पाठुंगळी घेतलं. वर येईपर्यंत ती त्याला सुनावत होती, की मेल्या, तुझी पाठ आहे की शेणीचं डालगं, नुसती हाडं टोचतायत.

वर आल्यावर मी विचारलं, प्रॉस्परचं मागितलंस ना? नाही म्हणाली. त्याला यायचं असतं तर होडीनं आला असता, त्याला अजगर कशाला लागतो? मी माझ्यासाठीच मागितलं, की हिला जाऊ द्यायचं बळ मला दे. पोराची जागा राखायला पोरीला खुंटीसारखी ठोकून ठेवली मी.

सोमवारी ती स्वतः पंचांकडे गेली आणि तुझा तुकडा इर्विनला द्या म्हणून सांगून आली. मी तिला अडवलं नाही. शेवटच्या अळकुड्या उपटताना हात थांबला, खोटं कशाला बोलू. पण घरी आल्यावर गाढ झोपले.

ईस्टरनंतरच्या शनिवारी लग्न आहे. आई इथेच राहील. कॅसल ब्रूसहून मी येऊन जाऊन असेन.

जोझियानला जपून काम करायला सांग. मूल झालं की घेऊन ये, पण पाहुणा म्हणून ये. तोवर मीही इथली पाहुणीच झालेली असेन.

आहे तो लोभ राहू दे,
मेरिना