मार्गात कळस नाही

१ सप्टेंबर, रविवार

गाडी आली. सेकंड हँड मोटारसायकल, पण ऑफ-रोड, चिखलादगडांतून जाणारी. उंच आहे. दोन्ही पाय एकदम टेकत नाहीत, एका वेळी एक टेकतो. बारामतीच्या रविराजकडून घेतली. त्याचं गॅरेज आहे, ही तो स्वतः चालवायचा. का विकतोस विचारलं तर म्हणाला, कंबर. माझी कंबर उत्तम आहे.

बायको, रेश्मा, दारात आली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, मागं कोण बसणार? ऑफ-रोडमध्ये मागे कोणी बसत नसतं, हे शांतपणे समजावून सांगितलं. ती आत गेली. पटलं असावं.

संकल्प: महिनाभर तयारी. मग एक दिवस जंगलात, चिखलात, एकट्याने राइड. वय सत्तेचाळीस. बावीस वर्षं पणदऱ्याच्या दूध संकलन केंद्रावर दोन्ही वेळा दुधाची फॅट मोजतोय. म्हशीला रविवार नसतो. माणसाला वर्षातला एक दिवस तरी असावा.

४ सप्टेंबर, बुधवार

व्यायामासाठी साडेचारचा गजर लावला होता. वाजला. केंद्रावर साडेपाचला पोचायचं असतं, त्यामुळे मधला एक तास पूर्ण आपला. तो झोपण्यात गेला. झोप हाही ट्रेनिंगचाच भाग आहे असं एका व्हिडिओत सांगितलं आहे.

केंद्रावरच्या झुंबरला विचारलं, येतोस का राइडला. नाही म्हणाला. रविराजलाही विचारलं होतं, त्याची कंबर. एकंदरीत सोलो राइडच योग्य. एकांतात माणूस स्वतःला भेटतो.

८ सप्टेंबर, रविवार

कालव्याच्या कच्च्या रस्त्यावर सराव. उभं राहून गाडी चालवण्याचं तंत्र बऱ्यापैकी जमलं. तीन वेळा गाडी आडवी ठेवावी लागली. तिसऱ्यांदा उचलायला दोन माणसं आली. न बोलावता आली. लोकांना दुसऱ्याच्या छंदात फार रस.

गुडघा थोडा सुजला आहे. संध्याकाळच्या दुधाला उभं राहूनच काम केलं, कारण बसलो असतो तर उठता आलं नसतं.

१५ सप्टेंबर, रविवार

रूट फायनल. पणदरे, बारामती, पुढे डांबरी सोडून वनखात्याच्या रानाकडेचा गाडीमार्ग, ओढा, परत गाडीमार्ग, इंदापूर. दुपारी इंदापूरला हायवेवर चहा, संध्याकाळच्या दुधाला परत.

रेश्माने नकाशावर बोट ठेवलं. म्हणाली, हे तर कळस, माझं माहेर. मी म्हटलं, मार्गात कळस नाही. अडीच किलोमीटर अलीकडून वळतोय. रान तिथे आहे त्याला माझा इलाज नाही.

इथे नोंद करून ठेवतो, म्हणजे पुढेमागे गैरसमज नको. नऊ वर्षांपूर्वी मेहुणा संभाजी याने कळसला नवं घर बांधलं. वास्तुशांतीच्या पत्रिकेत जावयांची नावं छापली. धाकट्या जावयाचं वर, माझं खाली. मी थोरला. विचारलं तर प्रेसवाल्याची चूक म्हणे. मी तेव्हाच सांगितलं, घरी येऊन चूक कबूल करा, त्याशिवाय उंबरा चढणार नाही. सासरकडचे दोनदा आले, पण चूक प्रेसवाल्याचीच म्हणत राहिले. तेव्हापासून रेश्मा एकटी जाते. बारामतीला एसटी बदलावी लागते, बाकी काही त्रास नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

रेश्मा काल कळसला जाऊन आली. सांगत होती, आई तुमचं नाव काढून रडते. म्हणजे पश्चात्ताप सुरू झाला. उशिरा का होईना. ती आणखी काही सांगणार होती, पण दुधाची वेळ झाली.

२८ सप्टेंबर, शनिवार

तीन दिवस परतीचा पाऊस. रविराजचा फोन: काळी माती आहे, आठ दिवस जाऊ नकोस. त्याला सांगितलं, चिखलासाठीच तर चाललोय. तो बराच वेळ गप्प होता. रेंज गेली असावी.

आज फॅटच्या मशिनसमोर बसल्या बसल्या डोळा लागला. रांगेतल्या कुशाबाईंनी किटलीचं झाकण वाजवून उठवलं. थकवा नाही. मशिनचा आवाजच तसा आहे.

१ ऑक्टोबर, मंगळवार

उद्या रजा मंजूर. झुंबर दोन्ही वेळा बघणार.

उद्या सर्वपित्री अमावस्या. कळसला पितरांचं जेवण असतं, रेश्मा जाणार. विचारत होती, त्या बाजूलाच चाललाय तर फाट्यावर सोडाल का, घरी नका येऊ. मागच्या सीटवर सामानाची बॅग बांधायची आहे, तोल बिघडेल, हे सांगितलं. ती बरं म्हणाली. आजकाल ती लगेच बरं म्हणते. समजूतदारपणा वाढला आहे.

सामान: दोरी, पाना, बिस्किटं, पाणी, ही डायरी प्लॅस्टिकच्या पिशवीत.

२ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी ७.५०

बारामतीत थांबलोय, हवा भरायला. निघताना पणदऱ्याच्या स्टॉपवर रेश्मा पिशवी घेऊन उभी होती. हॉर्न दिला. सोलो असल्यामुळे थांबलो नाही. तिने दुसरीकडे बघितलं. हेल्मेटमुळे ओळखलं नसेल.

सकाळी ९.२०

डांबरी सुटलं. गुडघ्याएवढं गवत, वर ढग, माणूस नाही. दोन चिंकारा हरणं दिसली. त्यांनी मला बघितलं आणि निघून गेली. ह्यासाठीच आलो होतो. एकांतात काय वाटतं ते लिहिणार होतो. झोप येतेय एवढंच वाटतं.

सकाळी १०.२५

चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये काळी माती बसते आणि चाक फिरायचं थांबतं. काटकीने काढतो. दहा पावलं जातो. परत काढतो. एक किलोमीटरला पन्नास मिनिटं लागली. व्हिडिओत ही माती दाखवलेली नाही.

मेंढरं घेऊन एक बाई भेटल्या, शकुबाई. म्हणाल्या, आल्या वाटेनं माघारी जावा, फुडं वढ्यात जनावरं रुततात. मी सांगितलं, ही गाडी खास अशा रस्त्यांसाठीच बनवलेली असते. त्यांनी गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मेंढरं दुसऱ्या बाजूने वळवली. स्थानिक लोकांचा सल्ला ऐकावा, पण त्यांना तंत्रज्ञान माहीत नसतं.

सकाळी ११.४०

ओढ्यात आहे. गाडी अर्धी चिखलात, मी तिच्या बाजूला. उजवा पाय काही वेळ तिच्या खाली होता. आता बूट खाली आहे, पाय वर आहे.

बिस्किटं भिजली. तरी खाल्ली.

दुपारी १२.३०

शकुबाई परत आल्या.  कडेला बसून फोन लावला, कुणाला तरी सांगितलं, एक माणूस रुतलाय, ट्रॅक्टर घिऊन या. मला विचारलं, कुठलं? पणदऱ्याचा म्हटलं. हितं कोण हाय का तुमचं? कोणी नाही म्हटलं.

दुपारी १.२०

ट्रॅक्टर येताना दिसतोय. चालवणारा माणूस ओळखीचा वाटतो.

संभाजी आहे.

संध्याकाळी ५.३०, कळस

सासरच्या ओट्यावर बसून लिहितोय. अंगात संभाजीचा सदरा आणि लेंगा आहे. क्रमाने लिहितो.

संभाजी ट्रॅक्टरवरून उतरला. नऊ वर्षांत पोट सुटलंय, केस गेलेत. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, दाजी, बूट कुठंय? मग गाडीला दोर बांधला. गाडी निघाली, बूट निघाला नाही. मी त्याला सांगितलं, मी इंदापूरला चाललो होतो, कळसला येत नव्हतो. तो म्हणाला, व्हय. मला ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसवलं. गाडी मागे ओढत आणली. गावातल्या दोन-चार लोकांनी रामराम केला. मीही केला. एक पाय उघडा होता.

दारात रेश्मा आली.  बादलीत कढत पाणी आणून ठेवलं आणि माझ्या पाठीवरचा चिखल ओल्या फडक्याने पुसत बसली. अर्धाच निघाला होता तेवढ्यात सासूबाई, म्हणजे सिंधुबाई, काठी टेकत बाहेर आल्या. खूप वाळल्यात. मला वाटलं ओळखणार नाहीत. पण त्यांनी लगेच ओळखलं. म्हणाल्या, रेश्माचं मालक आलं. आजच्या दिवशी बरं आलं. आधी ह्यांचं पान वाढा.

 संभाजीने रेश्माकडे बघितलं. मग खरोखरच सगळ्यांच्या आधी माझं पान वाढलं. खीर, वडे, गवारीची भाजी, आमटी. पानासमोर उदबत्ती लावली. सासूबाईंनी मला हात जोडले. एवढा मान मला ह्या घरात लग्नातसुद्धा मिळाला नव्हता. मी मनातल्या मनात सगळ्यांना माफ केलं. पत्रिकेचा विषयसुद्धा काढायचा नाही असं ठरवलं.

सासूबाई समोर बसून माझं जेवण बघत होत्या. हळूच विचारलं, "तितं बरं हाय न्हवं?"

मी म्हटलं, बरं आहे, काम फार असतं.

"तितंबी काम असतंय?"

म्हटलं, रोज पहाटे उठावं लागतं. सुट्टी नाही. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. रेश्माला म्हणाल्या, तितंबी त्यांच्या जिवाला आराम न्हाय गं. रेश्मा उठून आत गेली. मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत माझ्या कामाचे हाल कोणाच्या लक्षात तरी आले. आणखी एक वडा घेतला.

जेवणानंतर संभाजी पाण्याच्या टाकीपाशी पाइप लावून माझी गाडी धूत होता. मी म्हटलं, आईंनी मन मोठं केलं, मीही जुनं काढत नाही. तो पाणी मारत राहिला. मग म्हणाला, "दाजी, रागावू नका. आईला वाटतं तुमी वारलाय."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

तो म्हणाला, तीन वर्षं झाली, तिचं चित्त ठिकाणावर नसतं. रेश्मा दर वेळेला एकटी येते, म्हणून तिनं धरूनच घेतलं. दर अमावस्येला तुमच्या नावाचा घास बाजूला काढायला लावते. मी विचारलं, तुम्ही त्यांना सांगितलं का नाही?

"सांगायचो की. जित्तं हायत, पणदऱ्यातच हायत म्हणायचो. मग ती इचारायची, तर येत का न्हाईत? त्याला आमच्याकडं उत्तर न्हवतं."

त्याने पाइप बंद केला. मडगार्डमधून अजून माती गळत होती.

पुढे काही लिहिण्यासारखं नाही. परतीची एसटी सव्वासहाला आहे. गाडी इथेच राहील, क्लच गेलाय.

३ ऑक्टोबर, गुरुवार

साडेपाचला केंद्रावर. एक बूट, एक चप्पल. चप्पल संभाजीची. झुंबरने विचारलं, राइड कशी झाली? म्हटलं, झाली.

काल एसटीत रेश्मा खिडकीशी बसली होती. तिला विचारलं, मला का नाही सांगितलंस. म्हणाली, सांगत होते, तुमची दुधाची वेळ झाली. मग म्हणाली, आधी मीपण आईशी भांडायचे, असं बोलू नको म्हणून. पण ती मला जवळ घ्यायची, डोक्यावरून हात फिरवायची, म्हणायची, कसं एकटीनं ओढलंस गं. मग मी तिला बोलायचं सोडून दिलं.

 बाहेर ऊस होता, बराच वेळ ऊसच होता.

५ ऑक्टोबर, शनिवार

संकल्प: उद्या कळसला जायचं. रेश्माबरोबर, एसटीने. दूध झुंबर बघणार. स्वच्छ कपड्यांत, दाढी करून. सासूबाईंच्या समोर बसायचं आणि स्वतःच्या तोंडाने सांगायचं की मी जिवंत आहे. चूक माझी होती असंही सांगायचं. प्रेसवाल्याची होती हे खरं असलं तरी.

वाक्यं तयार केली. चारच आहेत.

६ ऑक्टोबर, रविवार

बारामतीला एसटी बदलली. पाऊण तास उभं राहावं लागलं. रेश्माने सवयीने खांबाला टेकून डोळे मिटले. नऊ वर्षं ती इथेच टेकत असणार, खांबावर तेवढ्या उंचीला रंग गेलाय. कदाचित दुसऱ्या कोणामुळे गेला असेल.

कळसला पोचलो तेव्हा सासूबाई ओट्यावरच होत्या. मी पाया पडलो. समोर बसलो. पहिलं वाक्य म्हटलं, मी युवराज, पणदऱ्याचा, मी जिवंत आहे. त्यांनी माझा चेहरा नीट न्याहाळला. दाढी, इस्त्रीचा शर्ट, सगळं. मग रेश्माला जवळ ओढलं आणि तिच्या कानात बोलल्या. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे कानातलं घरभर ऐकू जातं.

त्या म्हणाल्या, "दुसरा केलास व्हय गं? बरं केलंस. ह्यो येतो तरी."

रेश्माने माझ्याकडे बघितलं. तिने नाही म्हटलं नाही. मीही उरलेली तीन वाक्यं म्हटली नाहीत. संभाजीने चहा आणला.