वस्तऱ्याची मूठ

बाबा, तुमचा वस्तरा पेटीतून काढला तेव्हा मूठ चिरलेली होती. शिंगाचीच ती. रिटायर झाल्यावरच्या आपल्या कोहक्याच्या घरात पत्र्याच्या पेटीत इतके उन्हाळे पडून वाळली आणि पात्याच्या खिळ्यापासून पार अंगठ्याच्या जागेपर्यंत चीर गेली. मार्केटमधल्या न्हाव्याला दाखवली, तर म्हणाला, ‘‘दीदी, ये हैंडल फेंक दो, नया डलवा लो.’’ मला रागच आला. मूठ फेकायची म्हणजे तुमच्या अंगठ्याची जागाही फेकायची. रोज धरून धरून तिथं खळगा पडलाय, आणि हात लावता येईल असं तुमचं माझ्याजवळ एवढंच उरलंय. म्हणून मीच दुरुस्तीला बसले. हा हट्टीपणा माझ्यात कुठून आला ते तुम्हाला सांगायला नको.

मी शाळेत असताना प्लांटच्या कॉलनीत, सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये आरसा स्वयंपाकघराच्या खिडकीला टांगलेला असायचा. आई पोळ्या लाटते आहे, तुम्ही चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा घासता आहात आणि मी दप्तर घेऊन तुमची दाढी संपायची वाट बघते आहे. शेजारच्या काकांनी खुशाल दाढी वाढवलेली. तुमची ड्युटी मात्र स्टील प्लांटच्या गॅसवाल्या टोळीत, तुम्हाला रोज करावीच लागायची. झाली की तुम्ही माझ्यापुढे वाकायचे, मी गालावरून तळहात फिरवायची आणि सांगायची, ‘‘पास!’’ मग सायकल निघायची.

एकदा मी विचारलं, ‘‘बाबा, इतकी गुळगुळीत कावून पाहिजे?’’

‘‘मास्क बसला पाहिजे ना, बेटा. एक खुंट राह्यला तरी तेथून गॅस आत येते.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय, बाबा तेथंच झोपून जाते,’’ म्हणून तुम्ही हसलात.

मला काही हसू आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी तुम्हाला नापास करायला लागले. गालावर एक खुंट नसला तरी फेल. मला वाटायचं, उशीर झाला तर तुम्हाला गेटवरूनच परत पाठवतील. तुम्ही कधी वाद घातला नाही. मुकाट्यानं पुन्हा आरशासमोर जायचे. आई मात्र ओरडायची, ‘‘टाइम होऊन राहिला, अन् बापलेकीचं हे काय चालू आहे?’’ मास्कनं तुम्हाला कधी दगा दिला नाही. तुम्ही गेलात ते म्हातारपणी, घरच्या खाटेवर, चांगली आठवडाभराची दाढी वाढवून.

दुरुस्तीत आधी मी माती खाल्ली. शिंग वाळलंय म्हणून पहिल्यांदा त्याला जवसाचं तेल पाजलं, मग गोंद धरेचना. साबणानं धुतलं, सावलीत वाळवलं, चिरेत गोंद भरला आणि शिवणाचा दोरा गुंडाळून ठेवला. काल दोरा सोडून पॉलिश पेपरनं घासत होते. आई बाजूला लाखोळीची भाजी निवडत बसली होती. बोलता बोलता मी तिला इतक्या वर्षांनी सांगितलं, की मी तुम्हाला खोटंच फेल करायची.

आईनं मान वर केली नाही. ‘‘तुले काय वाटते, त्यायले समजत नव्हतं? दुसऱ्या टायमाले वस्तऱ्याची पाठ फिरवत होते गालावर. पोरगी फेल करन म्हणून रोज लवकर उठत होते.’’

मी पेपर खाली ठेवला आणि भरपूर रडले. आई भाजी निवडत राहिली. तुमच्या त्या लवकर उठण्याची मला कधी चाहूलही लागली नव्हती, बाबा.

चीर आता बुजली आहे, पातं मुठीत सरळ मिटतं. हे पत्र वस्तऱ्यासोबत पेटीत जाईल, पण वस्तरा अजून बाहेरच आहे. खळग्याशेजारी गोंदाचा एक थेंब उंच राहिलाय, बोटाला खरखर लागते. दोनदा पेपर फिरवला तर निघून जाईल. आज सकाळी आईनं विचारलं, ‘‘झाला का तुया बाबाचा वस्तरा?’’

मी त्या थेंबावरून अंगठा फिरवला आणि सांगितलं, ‘‘फेल.’’