बर्फात न ठेवलेली ट्यूब

मंगळवार, संध्याकाळ

आज वॉर्डात ड्यूटीवर माझ्यामुळे एका पोरीला दोनदा टोचलं. तीन वर्षांची, उद्या हर्नियाचं ऑपरेशन. डॉक्टरांच्या संशोधनासाठी शरीरातला ऑक्सिडेटिव्ह ताण, म्हणजे पेशींना होणारी इजा, मोजायचा तर रक्ताची ट्यूब लगेच बर्फात ठेवावी लागते. मी मुठीत धरून उभी राहिले. कोमट होती ना! सईचा तळवा असाच... लेकीला नांदेडला माझ्या आईकडे ठेवून चार महिने झाले.

डॉक्टर चिडले, "अहो, सँपल वाया गेलं!"

पोरीची अम्मी म्हणाली, "फिर कायकू सुई?" दुसरी ट्यूब मी भरल्या भरल्या बर्फात खोचली. पोरीनं रडत माझंच बोट धरलं. कोमट.

आत्ता व्हिडिओ कॉलवर सई म्हणाली, "आई, हात दे." मी स्क्रीनवर टेकवला. काच गारच होती.